नाव तेवढं बदललं

धाराशिवच्या बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग लागले आहेत. शेजारी हरभऱ्याचे डहाळे, वाटाणा, चंदनबटवा, मेथी, पातीचा कांदा. म्हणजे येळवस आली. कॅलेंडर बघायची गरज नाही.

“घ्या की बाई भज्जीला,” शेंगावाली म्हणाली. “परवावर आली येळवस.”

“मी नाही करत भज्जी.”

“आसं कुठं आसतंय व्हय? धाराशिवात ऱ्हाता आन् भज्जी करत न्हाय?”

अर्धा किलो घेतल्या. वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. आमच्या भागाबाहेर ती कुणाला माहीत नसते, आणि भज्जी म्हटलं की बाहेरच्यांना तळलेली भजी वाटते. ही तशी नव्हे. रानात त्या दिवसांत जे जे हिरवं असतं ते सगळं एका मोठ्या पातेल्यात शिजवायचं, ताक आणि बेसन लावून घट्ट करायचं, आणि बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यांबरोबर खायचं. वर मडक्यातली गार आंबील. त्या दिवशी गावं ओस पडतात. दारांना कुलपं, माणसं शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. ज्याला शेत नाही त्याला दुसऱ्याच्या शेतात आवतण असतं. जात-धर्म विचारत नाहीत, किमान जेवताना तरी.

गॅलरीत बसून मी शेंगा सोलते. तुरीच्या शेंगेचा एक चिकट, हिरवट वास बोटांना बसतो आणि नखं काळी पडतात, दोन दिवस साबणाला दाद देत नाहीत. त्या वर्षी पंधरा बायकांची नखं अशी काळी होती. माझीही.

त्या वर्षी मी एका संस्थेत होते. काम असं, की गावोगावी बायकांचा गोल बसवायचा आणि त्यांना स्वतःची गोष्ट सांगायला शिकवायचं. अहवालात आम्ही त्याला सामाजिक न्याय, सक्षमीकरण असं बरंच काही म्हणत असू. मला त्या शब्दांचं कौतुक नव्हतं. माझा हिशोब साधा होता. जी बाई आपल्यावर काय गुजरलं हे सलग दहा मिनिटं सांगू शकते, ती ग्रामसभेत उभी राहून दोन मिनिटं नक्की बोलेल. पुष्कळ गावांत ते खरंही ठरलं. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की सगळाच खेळ खोटा होता. तो खोटा नव्हता, पण म्हणून कमी धारदार होता असं नाही.

गाव अणदूरच्या पुढं, हमरस्त्यापासून आत. नाव लिहीत नाही. समाजमंदिरात दर बुधवारी दुपारी आम्ही बसायचो. बायका रिकाम्या हातांनी आल्या की गप्प बसतात, हे मला अनुभवानं ठाऊक होतं. म्हणून सांगितलं होतं, घरचं काम घेऊन या. त्या शेंगा घेऊन यायच्या. येळवसच्या आधी पंधरा दिवस घरोघरी सोलणं चालूच असतं. हात कामात असले की जीभ सुटते, समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

गोलाचे नियम तीन. ज्या बाईच्या हातात लाटणं, तिनंच बोलायचं. ती बोलत असताना कुणी अडवायचं नाही. आणि इथलं इथंच.

“भाकरीच्या मुलखात लाटणं आणलंय ताईंनी,” शमीमभाभी पहिल्याच दिवशी म्हणाल्या. त्या बांगड्यांचा धंदा करायच्या, चार गावं फिरायच्या, आणि कुणाच्या मनगटावर किती दिवसांचे वळ आहेत हे त्यांना त्या बाईच्या आईपेक्षा आधी कळायचं. “भाकरी तर हातानं थापतो आमी. हे फकत नवऱ्याला दाखवायला ठिवलेलं आसतंय.”

बायकांना मी एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली, तपशील. ‘सासू लई तरास देती’ असं कुणी म्हटलं की मी थांबवायची. त्रास म्हणजे काय? कुठं उभी राहून बोलली? हातात काय होतं? तू काय करत होतीस?

“ताई, तुमी तर पोलीस ठाण्यात पाहिजे व्हता,” शमीमभाभी म्हणायच्या.

पण व्हायचं असं, की तपशील आला की गोष्ट उभी राहायची. मी त्यात पटाईत होते. बाईच्या पोटातला नेमका तो एक तपशील काढून घ्यायचा, ज्यानं ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल. सुईण जसं मूल काढते तसं, असं मी तेव्हा म्हणायची. आता तुलना शोधायची झाली तर दात उपटणारा आठवतो.

रेखा त्या गोलातली सगळ्यात हसरी. रेखा हे तिचं नाव नव्हे. सुखवस्तू घरातली सून, दोन मुली, थोरली प्रांजल पाचवीत. सासू गोदाक्का, जिला गाव वचकून असे. रेखानं येळवसच्या आधीच्या बुधवारी लाटणं मागून घेतलं.

“धाकटी झाली आन् तिसऱ्या महिन्यात म्या तिला टोचायला दवाखान्यात घिऊन गेले,” ती म्हणाली. “पोरीला टोचून झालं आन् म्या नर्सबाईला म्हणलं, आता मला बी कायतरी करा. तिनं तांबी बसवली. घरी गेले तर आत्या म्हणल्या, उशीर का? म्हणलं, पोरगी लई रडली.”

आठ वर्षं ती तांबी तिच्या पोटात होती आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता. दिवस राहत नाहीत म्हणून आत्यांनी, म्हणजे सासूनं, तिला वर्षभर दर मंगळवारी तुळजापूरला नेलं. भल्या सकाळी तीर्थात बुडवून काढलं, ओल्या लुगड्यानं प्रदक्षिणा घालायला लावल्या.

“देवीच्या म्होरं आत्या डोळं मिटून नातू मागायच्या,” रेखा म्हणाली, “आन् म्या बाजूला डोळं मिटून म्हणायची, आई, तांबी जाग्यावर ऱ्हाऊ दे.”

बायका फुटल्या. शेंगांची सुपं कलंडली. एकीला ठसका लागला, तिच्या पाठीत बुक्क्या घालाव्या लागल्या. इतकं हसणं त्या समाजमंदिरात त्याआधी कधी झालं नसेल. मीही हसले.

मग मी माझं काम केलं. विचारलं, सासूबाई आता काय करतात? नेमकं काय?

रेखा म्हणाली, “आत्यांनी भज्जी सोडलीय. नातू हुईपत्तर खायाची न्हाय म्हणून बोलल्यात देवीला. आठ येळवसा झाल्या. पन्नास माणसांची भज्जी त्या सोता करत्यात, आन् ढवळताना चव बी बघत न्हाईत. मला म्हणत्यात, ‘मीठ बघ गं.’ म्या बघते. दरसाल म्याच बघते.”

या वेळी कुणी हसलं नाही. मला मात्र कळलं की मिळालं, हेच ते.

संस्थेला गोष्टींची पुस्तिका काढायची होती, संक्रांतीच्या आत. रेखाला विचारलं, ती म्हणाली, “नाव तेवढं बदला म्हंजे झालं.” मी नुसतं नाव बदलून थांबले नाही. पुस्तिकेत तिचं नाव मीरा केलं. गाव बदललं, तुळजापूरच्या जागी दुसरं देवस्थान घातलं. दोन मुलींच्या तीन केल्या. नवऱ्याच्या ट्रॅक्टरची जीप केली. स्वतःच्या चोखपणावर मी खूश होते. भज्जी मात्र ठेवली. ‘मीठ बघ गं’ ठेवलं. ते काढलं असतं तर गोष्टीत उरलं काय असतं?

गावात भज्जी न खाणारी म्हातारी एकच होती. आठ वर्षं निम्म्या गावानं तिच्याच शेतात बसून तिला आग्रह केला होता, “आक्का, घास तर घ्या.” हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते दिसलं नाही. लिहिलेली गोष्ट पुण्या-मुंबईचे लोक वाचणार, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ज्यांच्यातून ती आली तेही वाचतील, हे आम्ही बायकांसाठीच काम करतो असं दिवसातून चार वेळा म्हणणाऱ्या मला सुचलं नाही. छापण्याआधी रेखाला एकदा वाचूनही दाखवलं नाही. घाई होती.

पुढची कल्पनाही माझीच. संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्या देण्यापेक्षा ही पुस्तिका द्यावी. आणि हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवावं. दोन्हींचं फार कौतुक झालं. गोदाक्का तीस वर्षांनी हळदीकुंकवाला आल्या. कुंकू लावताना त्यांनी मान मागं घेतली, मग पुढं केली. डोळे ओले होते की ऊन होतं, सांगता येणार नाही. त्यांच्या ओटीत पुस्तिका मी स्वतः घातली.

“मला वाचाया येत न्हाय, म्याडम.”

“नातीकडून वाचून घ्या. हुशार आहे प्रांजल.”

हे मी बोलले.

प्रांजल खरोखरच हुशार होती, घडाघडा वाचायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर उन्हात बसून तिनं आजीला पुस्तिका वाचून दाखवली, पहिल्या पानापासून, नियमांसकट. शेजारच्या दोघीतिघी ऐकायला टेकल्या होत्या. रेखा आत भाकरी थापत होती. लेकीचा वाचायचा आवाज तिला आतपर्यंत येत होता. चौथी गोष्ट सुरू झाल्यावर आपण भाकरी परतली नाही, एवढंच तिला आठवतं. बाहेर प्रांजल ‘मीठ बघ गं’पाशी आली, थांबली आणि खिदळली.

“आज्जी, ही तर तुझ्यावानीच म्हणती!”

आत भाकरी जळत होती. प्रांजलनं गोष्ट शेवटपर्यंत वाचली, कारण तिला तसं शिकवलं होतं.

त्या बुधवारी मी समाजमंदिरात पोचले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. गोल बसला होता, पण शेंगा नव्हत्या, सुपं नव्हती. बायका भिंतीकडं बघत होत्या. रेखा खांबाला टेकून होती. तेवढ्यात गोदाक्का आल्या, गुडघ्यांवर हात रेटत गोलात बसल्या आणि म्हणाल्या, “ते लाकूड कुठंय? द्या हिकडं.”

कुणीतरी लाटणं दिलं.

“ज्याच्या हातात हे, त्याला कुणी आडवायचं न्हाय. बराबर हाय का, म्याडम? पुस्तकात लिवलंय तुमच्या.”

मी म्हटलं, बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार?

मग त्या बोलल्या. मी पुष्कळ शिबिरं घेतली, पुष्कळ गोष्टी ऐकल्या. इतकी चांगली सांगितलेली गोष्ट ऐकली नाही. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पाच बाळंतपणं सांगितली. त्यातली तीन मुलं कशी गेली ते सांगितलं, एकेकाचं नाव घेऊन, कुणाला कुठल्या झाडाखाली पुरलं ते. नवरा गेल्यावर दिरांनी शेतातून उठवायला बघितलं तेव्हा हा एकच मुलगा कडेवर होता म्हणून बांध राखता आला, ते सांगितलं.

“पोरगं नसतं तर ही जमीन नसती. मला नातू शोभेला नगं हुता,” त्या म्हणाल्या. “आठ वरसं म्या पन्नास ताटं वाढली आन् उपाशी उठले. लोक म्हणायचे, आक्का, खावा. म्या म्हणायची, देवी बघती. देवी बघत हुती का न्हाय, काय की. ही बघत हुती. म्या हिला मीठ बघाया लावायची, आन् ही चाटून म्हणायची, बराबर हाय आत्या. आन् हितं येऊन तुमी समद्या हसला.”

एक बाई रडायला लागली. मग दुसरी. महिन्याभरापूर्वी पोट धरून हसलेल्या त्याच बायका. शमीमभाभी तेवढ्या खाली बघून स्वतःच्या बांगड्या मोजत राहिल्या.

“मला येकदा म्हणली असती,” गोदाक्का म्हणाल्या, “आत्या, मला नगं आता. म्या काय खाल्लं असतं व्हय तिला?”

लाटणं त्यांनी जमिनीवर ठेवून रेखाकडं ढकललं. ते घरंगळत गेलं. रेखानं उचललं. सगळा गोल तिच्याकडं बघत होता.

“व्हय,” रेखा म्हणाली. “खाल्लं असतं तुमी.”

एवढंच. आणि लाटणं खाली ठेवलं.

गोल तिच्यावर उलटला तो त्या क्षणी. “तोंड बघा तिचं.” “म्हातारीचं जरा तरी वाटू द्या.” “देवीच्या दारात खोटं बोलली, आन् वर तोंड करून बोलती.” लाटणं कुणाच्याच हातात नव्हतं, सगळ्या बोलत होत्या. मी ‘नियम, नियम’ म्हणत राहिले.

खरं सांगायचं तर रेखाचं ते एक वाक्य त्या दुपारचं सगळ्यात खरं वाक्य होतं. म्हातारीचीही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी होती, पण शेवटचा तो प्रश्न खोटा होता. तिनं खाल्लंच असतं. आणि तरी मत म्हातारीला मिळालं, कारण तिच्याकडं मुलांची नावं होती, झाडं होती, बांध होता, पन्नास ताटं होती. रेखाकडं एक वाक्य होतं. जिच्याकडं तपशील जास्त, ती जिंकते. हे मीच शिकवलं होतं. न्याय कुणाचा झाला म्हणाल तर मला अजून सांगता येत नाही. दोघींपैकी एकीचंही पोट मला दुसरीपेक्षा कमी जळालेलं दिसत नाही. फरक एवढाच, की एकीच्या पोटात काय ठेवायचं हे दुसरी ठरवणार होती.

बाहेर निघताना शमीमभाभी माझ्या गाडीपाशी आल्या. “ताई, नाव बदललं म्हणून चाल बदलती व्हय? बुरख्यातली बाई बी चालीवरनं वळखू येती. मला इचारायचं तरी.”

पुढच्या सोमवारी गोदाक्का आणि नवरा रेखाला दवाखान्यात घेऊन गेले. तांबी काढली. नर्सनं रेखाला बाजूला घेऊन विचारलं होतं म्हणे, तुमची इच्छा आहे का? दार उघडं होतं आणि दारात सासू उभी होती. रेखा व्हय म्हणाली. कागदोपत्री सगळं तिच्या मर्जीनं झालं.

त्या सोमवारी मी पुण्यात होते. पुस्तिकेचा कार्यक्रम होता, सगळ्यांसमोर एक गोष्ट वाचायची होती. मी रेखाचीच वाचली. तोपर्यंत मला सगळं माहीत होतं, हेही लिहिते. ‘मीठ बघ गं’ला सभागृहात टाळ्या पडल्या. जेवणात गाजर हलवा होता. मी दोनदा घेतला.

वर्षाच्या आत रेखाला तिसरी मुलगी झाली. मी संस्था सोडली, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पगाराचा प्रश्न होता.

गेल्या येळवसला मी तिकडं गेले. शमीमभाभींनीच आवतण पोचवलं होतं, रेखाच्या वतीनं. रेखा आता गावातल्या घरात राहत नाही. शेतात पत्र्याची खोली आहे, तिथं तिघी मुलींना घेऊन राहते. नवरा सकाळी मोटार चालू करायला येतो, मुलींसाठी दूध ठेवून जातो, राहायला थांबत नाही. त्याच्यासाठी दुसरी बघणं चाललंय. ते जमत नाही, कारण रेखा सोडचिठ्ठी देत नाही. गोदाक्का बांधापर्यंत येतात, नातींना हाक मारतात आणि परत जातात.

रेखानं स्वतःची कोप घातली होती, ठेंगणी, एका बाजूला कललेली. प्रांजलनं, ती आता नववीत आहे, मला आंबील ओतून दिली आणि मोबाइल घेऊन लांब जाऊन बसली. तिनं त्या दिवसानंतर मोठ्यानं काही वाचलेलं नाही, शाळेतही नाही. मास्तरांनी छडी मारली तरी नाही. हे रेखानं सांगितलं, भज्जी वाढता वाढता, जसं कुणी म्हैस आटली हे सांगावं तसं.

हा लेख लिहायची परवानगी मी तेव्हाच मागितली. “वाचून दाखवा आधी,” ती म्हणाली. नंतर पुन्हा जाऊन दाखवला. दोन जागा तिनं खोडायला लावल्या. त्या यात नाहीत.

मी विचारलं, घरातून बाहेर का काढलं? तिसरी मुलगी झाली म्हणून?

“न्हाय. आपरेशन केलं म्हणून. धाराशिवला बाळंतीण झाले, आन् तिथंच डॉक्टरीणबाईला म्हणलं, आता बंद करून टाका. सही म्या केली. घरी येऊन आत्यांना तोंडावर सांगितलं, चौकट वलांडायच्या आधी. मग वलांडू दिलीच न्हाय.”

धाकटी तिच्या मांडीवर चढून बसली होती, भज्जीचे हात तिच्या लुगड्याला पुसत. मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटल्यावर मी नेहमी जे करते तेच केलं, कामाचं बोलले. धाराशिवला मी दवाखान्यापासून दहा मिनिटांवर राहते. वकील ओळखीच्या आहेत, कायदा माहीत आहे. निदान घराबाहेर काढू दिलं नसतं.

“मला का नाही सांगितलंस? नुसता फोन करायचास.”

रेखानं मुलीचं तोंड पदरानं पुसलं. हसली, पूर्वीसारखीच.

“ताई, तुमाला सांगितलं की त्याची गोष्ट बनती,” ती म्हणाली. “मला आपरेशन करायचं हुतं.”